रिता रांजण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते आता कुणाला आठवत नाही, आणि आठवलं नाही म्हणून कुणाचं काही अडतही नाही. त्या राज्यात एका ओढ्याच्या काठी एक गाव होतं. खेड्याहून मोठं, नगराहून लहान.

त्या गावात पाच पंच होते. चोऱ्यामाऱ्या, भाऊबंदकी यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कोणत्या जागेवर काय असावं, एवढंच त्यांनी ठरवायचं. भट्टी कुठे पेटवायची, तेलाचा घाणा कुठे बसवायचा, ओढ्यापासून किती हात सोडून घर बांधायचं, माडी कुठे चढवायची आणि कुठे नाही. दर वर्षी दसरा झाला की पंच चावडीत बसत, जुने नियम वाचत आणि त्यातले काही बदलत.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? अहो, शेजाऱ्याने माडी चढवली की आपल्या अंगणातलं ऊन जातं. ऊन गेलं की पापड वाळत नाहीत, आणि पापड वाळले नाहीत की घरात काय होतं ते मी सांगायला नको.

म्हणून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. चावडीच्या ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेला एक मोठा रांजण होता. नवा नियम वाचून दाखवला की पाच दिवस त्या रांजणाचं झाकण काढून ठेवत. ज्याला नियम जाचेल त्याने गुपचूप यायचं आणि आपल्या कामातली एखादी वस्तू आत टाकायची. कुंभाराने खापरी, विणकराने सूत गुंडाळायची बोरूची कांडी, माळ्याने वालाचा दाणा. कोणी टाकलं ते बोलायचं नाही, कारण हरकत घेणाऱ्याचं तोंड दिसलं की लोक डूख धरतात. पौर्णिमेला थोरल्या पंचांनी डोळे मिटून खांद्यापर्यंत हात रांजणात घालायचा. एक जरी वस्तू हाताला लागली, तरी नियम थांबवायचा आणि त्या आळीचं म्हणणं ऐकायचं. काहीच लागलं नाही, तर दवंडीवाला गावभर फिरे आणि ओरडे, "रांजण रिता, नियम पक्का!"

आपली गोष्ट या थोरल्या पंचांची आहे. गाव त्यांना नुसतं थोरले म्हणे. माणूस सरळ. पंच झाल्यावर कुणाच्या घरचं साधं पानसुद्धा त्यांनी कधी खाल्लं नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या हाताला एक खापरी लागली होती. त्यांनी कुंभारआळीचं म्हणणं ऐकलं, नियम मागे घेतला आणि गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी रांजण रिता निघाला. तिसऱ्या वर्षीही. असा एकवीस वर्षं तो रिताच निघत राहिला.

थोरल्यांना याचा फार अभिमान होता. पाहुण्यारावळ्यांना ते सांगत, "न्याय असा करावा, की हरकत घ्यावी असं कुणाच्या मनातच येऊ नये."

हात रांजणात असताना त्यांच्या बोटांना खालून गार वारा लागे. थोरले मनाशी म्हणत, रांजण म्हणजे गारच असायचा. आणि हात बाहेर काढत.

त्या एकवीस वर्षांत नियम पुष्कळ बदलले. ओढ्याकाठच्या घरांना माड्या चढवायची मोकळीक मिळाली आणि मागच्या विणकरआळीत दुपारपासूनच अंधारून यायला लागलं. तीन वर्षांत विणकर माग मोडून निघून गेले. "परगावी बरं मिळालं असेल त्यांना," असं थोरले म्हणाले. जाताना एकाही विणकराने त्यांना रामराम केला नाही, हे त्यांना जरा लागलं होतं.

मग चुन्याची भट्टी वेशीच्या आत आणायचं ठरलं. ही मोकळीक मात्र एकेका वर्षाचीच होती, दर दसऱ्याला ती नव्याने रांजणावर ठेवावी लागे. भट्टीला सगळ्यांत जवळचं घर थोरल्यांचंच. ते छाती पुढे काढून म्हणाले, "धूर आधी माझ्या घरात येईल, मग तुमच्या. मला चालतं, तर तुम्हाला का चालू नये?" यावर कोण काय बोलणार?

थोरल्यांची बायको लांबच्या मुलखातली होती. तिच्या माहेरी लाखेच्या बांगड्या घालत, तांबड्या, वर पांढरे ठिपके. तशा बांगड्या गावात दुसऱ्या कुणाच्याच हातात नव्हत्या. भट्टी आल्यावर तिला खोकला लागला. एकदा ती म्हणाली, "अहो, त्या भट्टीचं जरा..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत थोरले म्हणाले, "चावडीचं काम घरात बोलायचं नाही. पंचाच्या घराला वेगळा न्याय नसतो. हरकत असेल त्याने रांजणात टाकावी." नंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

तिच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या कमी होत गेल्या. थोरल्यांनी विचारलं, तर ती हसून म्हणे, "वाढली एखादी." बायका बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. भट्टीला सात वर्षं झाली आणि त्या थंडीत ती गेली. थोरले त्यानंतर चावडीतच जास्त वेळ बसू लागले, कारण घर खायला उठे.

पुढच्या दसऱ्याला नवा नियम आला. कुंभारआळीमागचं मातीचं रान सराईसाठी द्यायचं आणि कुंभारांनी ओढ्यापलीकडच्या खडकाळ माळावर जायचं. पाच दिवस रांजण उघडा राहिला. पौर्णिमेच्या सकाळी सारं गाव चावडीपुढे जमलं. थोरल्यांनी डोळे मिटले, हात घातला, चाचपला आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. तळहात कोरा.

दवंडीवाल्याने काठी उचलली. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याच्या डफावर हात ठेवला. कुंभारआळीतली ठकूबाई.

"थोरले," ती म्हणाली, "रीत मोडून बोलते, काय दंड करायचा तो करा. म्या माझ्या हातानं खापरी टाकली हाय ह्या रांजणात. आन् आमच्या आळीतल्या बारा घरांनी बारा टाकल्यात."

थोरले कडाडले, "ठकूबाई, तू मला चोर म्हणतेस?"

"म्या काय म्हनू? सारा गाव म्हंतो. आजवर तोंडावर म्हनत न्हवता, इतकंच."

थोरल्यांनी समोर पाहिलं. कुणी तरी म्हणेल, म्हातारीला वेड लागलंय. कुणीच म्हणालं नाही. माळी जमिनीकडे पाहत होते. लोहार पाहत होते सरळ थोरल्यांच्या डोळ्यांत. बाकीचे चार पंच एकमेकांकडे बघत होते.

"काढा तो रांजण!" थोरले ओरडले. "उपटा ओट्यातून! सगळ्यांनी डोळ्यांनी पाहा, आत काही आहे का!"

"थांबा," ठकूबाई म्हणाली. ती ओट्यावर चढली, रांजणापाशी बसली आणि बोटाच्या पेराने तिने त्याच्या काठावर टकटक केलं. बाजारात मडकं घेताना आपण करतो ना, तसंच. चांगलं मडकं खणखणतं. हा रांजण भदभदला.

ठकूबाईचा चेहरा पालटला. तिने पुन्हा वाजवून पाहिलं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "ह्यो तर फुटका हाय."

चौघांनी पहारी लावून रांजण वर उचलला. त्याला बूडच नव्हतं. आणि ओट्यात, जिथे रांजण होता तिथे, खाली काळंकुट्ट भोक होतं. चावडी ज्या जागेवर बांधली होती तिथे कोणे एके काळी धान्याचं पेव होतं, जमिनीत खणलेलं, पुरुषभर खोल. ते सगळे विसरून गेले होते. थोरले भोकावर वाकले, तसा त्यांच्या तोंडावर गार वारा आला. एकवीस वर्षं बोटांना लागत होता तोच. त्यांनी तो लगेच ओळखला.

"शिडी आणा," ते म्हणाले. "मी उतरतो."

खाली दिवटी घेऊन ते उतरले. पायाखाली जुन्या कोंड्याचा थर होता, म्हणून तर वरून पडलेल्या वस्तूचा आवाज कधी कुणाला आला नव्हता. आणि त्या कोंड्यावर ढीग होता. गुडघाभर उंच.

सगळ्यांत वर बारा खापऱ्या होत्या, नव्या, धूळही न बसलेल्या. थोरले त्या एकेक करून शिडीवरच्या माणसाच्या हाती देऊ लागले. त्याखाली वालाचे दाणे, किडलेले. लोखंडाचे गंजके तुकडे. आणखी खाली बोरूच्या कांड्या निघाल्या, ओंजळी भरभरून. विणकरआळीतल्या प्रत्येक घराने एकदा नाही, पुन्हा पुन्हा टाकल्या असाव्यात. थोरल्यांना वाटलं होतं त्यांना परगावी बरं मिळालं. ते बिचारे इथे ओरडून ओरडून थकून गेले होते.

वर ओट्यावर वस्तूंची रास वाढत होती आणि लोक अवाक होऊन पाहत होते. शेवटी एका माळ्याला राहवलं नाही. त्याने भोकात वाकून विचारलं, "थोरले, म्हंजे तुमी हे फेकून देत न्हवता?"

खालून थोरल्यांचा आवाज आला, "म्हणजे तुम्ही हे टाकत होता?"

एकवीस वर्षं गावाला वाटत होतं की थोरले निर्लज्ज आहेत, आणि थोरल्यांना वाटत होतं की गाव सुखी आहे.

मग बराच वेळ खालून काहीच वर आलं नाही. शिडीवरच्या माणसाने हाक मारली. तो वाकून पाहू लागला, तर थोरले ढिगापाशी बसले होते आणि त्यांच्या तळहातावर लाखेच्या बांगडीचा एक तुकडा होता. तांबडा, वर पांढरे ठिपके.

त्यांनी ढीग उपसला. खापऱ्यांच्या थराखाली एक, दाण्यांच्या थराखाली एक, लोखंडाच्या तुकड्यांच्या अधेमधे आणखी. सात तुकडे निघाले. भट्टीची सात वर्षं, दर वर्षी एक. नवऱ्याने सांगितलं होतं रांजणात टाक, म्हणून तिने रांजणात टाकलं होतं. गावातल्या कुठल्याही बाईसारखी ती आली असेल, पदराआड हात धरून. आणि दर पौर्णिमेला नवरा घरी येऊन सांगे, "रांजण रिता निघाला बरं का." तिने काय समजायचं? तिचा तुकडा ओळखूनही त्याने फेकून दिला, हेच तिने समजायचं. आणि हेच समजून ती गेली.

थोरले तोंडात पागोट्याचं टोक कोंबून रडले. वर साऱ्या गावाला ते ऐकू येत होतं.

शिडी चढून ते वर आले तेव्हा ठकूबाईच आधी बोलली. "थोरले, रांजण फुटला त्यात तुमचा काय दोष? आमीबी येडं, तुमच्यावर आळ घेतला."

गर्दीतल्या पुष्कळांनी माना डोलावल्या. थोरल्यांना तिथेच सुटता आलं असतं. पण त्यांनी पागोटं काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "नाही. दोष आहे. पहिल्या वर्षानंतर माझ्या बोटांना बूड कधी लागलंच नाही, खालून वारा लागत होता. दर वर्षी लागत होता. धड बुडाच्या रांजणात वारा कुठून येईल, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. कारण हात रिता निघाला की मला गोड वाटायचं. बाजारातलं मडकं मी वाजवल्याशिवाय घेतलं नाही कधी. हा रांजण नाही वाजवला."

हे त्यांनी सांगितलं नसतं, तर कुणाला कळलंही नसतं. आता मात्र ठकूबाईनेही नजर दुसरीकडे वळवली. रांजण फुटल्याची माफी गावाने दिली असती. वारा लागत होता, याची कशी द्यायची?

चुन्याची भट्टी त्याच दिवशी विझली. मातीचं रान कुंभारांकडे राहिलं. विणकरांना बोलवायला माणसं गेली, पण त्यांनी दुसरीकडे मुळं धरली होती, त्यातलं एकच घर परत आलं. थोरल्यांच्या घरात तर कुणीच परत येणार नव्हतं.

थोरले पुन्हा पंचांत बसले नाहीत. गावाने नवी रीत घातली. नियम बदलायचा असला की पाचही पंचांनी आळीआळीत जायचं, उंबऱ्यावर बसायचं आणि माणसाच्या तोंडून ऐकायचं. घरातल्या बाईच्याही. तो बिनबुडाचा रांजण चावडीच्या दारात आडवा टाकून ठेवला. पंच आत जाताना वाकून त्यावर बोटाने टकटक करत. तो भदभदे. ते ऐकून मगच ते कामाला बसत.

म्हणून सांगतो, लहानांनी ऐकावं आणि थोरांनी तर दोनदा ऐकावं: आपल्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नाही असं वाटलं, तर आनंद मानण्याआधी आपला रांजण वाजवून पाहावा.