भुईचाफ्याभोवतीचे कडे

पूर्वी वेत्रावती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या टेकडीवर कंद खणणाऱ्यांच्या कुळात जन्माला आले होते. तेव्हा त्यांचे नाव वनक. म्हातारपणी त्यांची पाठ वाकली. लोक हळहळत, तर ते म्हणत, "बरेच झाले. आता जमीन नीट दिसते."

त्याच सुमारास विशोका नावाची तरुणी तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकून परतली. गोरगरिबांसाठी आरोग्यशाळा उघडायची, हा तिला ध्यास. त्यासाठी तिने राजाकडे जागा मागितली. राजा म्हणाला, "तीन दिवसांत टोपलीभर भुईचाफ्याचे कंद आणून दाखव. मग वेशीजवळची जागा तुझी."

विशोका हसतच निघाली. भुईचाफ्याची खूण तिला तोंडपाठ होती: हळदीसारखी पाने, वरून हिरवी, खालून जांभळी. टेकडीवर अशी गुडघाभर हिरवी बेटे दिसतील, अशी तिची कल्पना. पण चैत्राचे ऊन होते. गवत करपलेले, पायाखाली सागाचा कोरडा पाचोळा, आणि हिरवे पान औषधालाही नाही. तिसऱ्या दिवशी ती वैतागून ओरडली, "या टेकडीवर भुईचाफा नाहीच!"

"मुली, पाय उचल," मागून वनक म्हणाले.

"का? साप आहे?"

"साप असता तर तोच बोलला असता. उचल."

तिने पाय उचलला. पाचोळ्यातून एक फूल वर डोकावत होते. दोन पांढऱ्या पाकळ्या उभ्या, दोन जांभळ्या खाली झुकलेल्या. देठ दिसेना, पानाचा पत्ता नाही.

"कुठून तरी गळून पडले असेल," विशोका म्हणाली.

"मग घे उचलून."

तिने ओढून पाहिले. फूल मातीला घट्ट धरून होते. बोटांना मात्र गोड वास लागला.

"पण याची पाने?"

"पाऊस पडला की येतील. तेव्हा फूल नसेल. त्या दोघांची कधी गाठ पडत नाही. तुझ्या गुरूंनी हा धडा पावसाळ्यात दिला असणार."

"श्रावणात," ती पुटपुटली, आणि दोघेही हसले.

एकदा ओळख पटल्यावर तिला जिकडेतिकडे फुलेच दिसू लागली. ती हरखली. तिने कुदळ उचलली. वनकांनी तिला अडवले नाही. ते एकेका फुलाभोवती खडे मांडत राहिले.

"हे काय करता, आजोबा?"

"कडे करतो. फुलावर पाय पडायला नको, आणि जागाही ध्यानात राहते. कार्तिकात पाने पिवळी पडली की इथे खणायचे, कंदाचा एक कोंब फुटणारा डोळा परत पुरायचा. आज खणलेस तर तुझी टोपली भरेल. पुढच्या चैत्रात मात्र तुझेच म्हणणे खरे होईल. टेकडीवर भुईचाफा नाहीच."

विशोकाची कुदळ हवेतच थांबली. "आज कंद नेले नाहीत, तर माझी आरोग्यशाळा जाईल हो!"

"रोगी जातील का?"

तिने कुदळ खाली घेतली. मग तिने विचारले, "तुम्हाला कोणी काही देऊ केले नाही का या जागेसाठी?"

"राजाची माणसे आली होती. जागा दाखवलीस तर नदीकाठचे शेत देतो म्हणाली. मी म्हटले, पाने पिवळी पडल्यावर या."

त्या दिवशी ती वनकांच्याच झोपडीत राहिली. सकाळी पाहते तो कालची फुले मऊ पडली होती आणि शेजारी नवी उमलली होती. तिने कुदळ दाराशी टेकवली, एका नव्या फुलाभोवती स्वतःच्या हाताने कडे केले, आणि रिकामी टोपली घेऊन ती नगराकडे निघाली. राजाला काय सांगायचे ते तिने ठरवले होते: "महाराज, कंद कार्तिकात मिळतील. जागा तेव्हा द्या किंवा देऊ नका. मी उद्यापासून टेकडीखालच्या करंजाच्या सावलीत रोगी तपासायला बसते आहे."

आपल्या पूर्वजन्माची एवढी गोष्ट सांगून संघासमोर बसलेले शास्ता हसले आणि म्हणाले, "तेव्हाची विशोका म्हणजे दीक्षा घेऊन नऊच दिवसांत थोरल्यांना धडे देऊ लागलेली ही आपली भिक्खुनी. मान खाली घालू नकोस, मुली, तू तेव्हाही लवकर शिकलीस. सुबाहू राजा म्हणजे तिला हसणारा तो मागचा भिक्खू. आणि वाकलेल्या पाठीचा वनक मीच होतो. हाती कुदळ असून ऋतूची वाट पाहणे, हीच क्षांती पारमिता, धीराची परिपूर्णता."