रणवऱ्यांचं विकाऊ घर

“…पण मग गिऱ्हाईक आत येतं, सगळं घर फिरून बघतं, छान आहे म्हणतं आणि परत का जातं, बाबा? माझं चुकतंय कुठं?”

निंभोरकर बाबा झोळीला टाका घालत बसले होते. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि सुई जपून कापडात खोचली.



विचारणारा जालिंदर रणवरे. आमच्या फलटणच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीचा मुख्य. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही त्यालाही हा ट्रॅक्टर विकेल, असं लोक म्हणतात. आणि लोक असं म्हणतात हे आपल्याला त्याच्याच तोंडून कळतं. मी दोशी. माझं पडद्यांचं आणि सतरंज्यांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यावर. महानुभाव मठात सतरंज्या आमच्याकडून जातात, तेवढ्या ओळखीवर मी जालिंदरला बाबांकडे घेऊन गेलो होतो.

आता ज्याला स्वतःचं घर नाही, आज इथं तर उद्या तिथं, त्या संन्याशाला घर कसं विकावं हे विचारायचं, म्हणजे टकल्याला कंगव्याचा भाव विचारण्यासारखं. पण धंद्यात एक गोष्ट मी बघितलीय. ज्याला माल घ्यायचाही नसतो आणि विकायचाही नसतो, त्याचीच नजर मालावर नीट पडते.

जालिंदरची अडचण खरी होती. त्याच्या मुलीला, ओवीला, जन्मापासून ऐकू येत नाही. नाव ठेवलं तेव्हा हे कुणाला कळलं नव्हतं. ती पुण्याला अशा मुलांच्या शाळेत जाते, म्हणून तिची आई उज्ज्वला तिच्याजवळ, एका खोलीत भाड्याने. इथलं घर विकलं की तिघांना पुरेल असं तिकडं घ्यायचं आणि जालिंदरने कायमचं जायचं, असं ठरलेलं. घर विकेना, आणि जालिंदर जाईना.

मठाच्या वाटेवर त्याने मला एक गोष्ट सांगितली होती, ती नेहमीच्या ऐटीत नव्हती. तो दर रविवारी पुण्याला जातो. दर रविवारी ओवीच्या हातात नव्या खुणा आलेल्या असतात. आई ओळखते, मैत्रिणी ओळखतात. “मला मधलं मधलं कळतं, शेठ,” तो म्हणाला. “मग ती माझ्याशी हळू बोलायला लागते. म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं.”

बाबांपुढे मात्र त्याने हे काढलं नाही. घर कसं तयार केलंय, याचंच वर्णन चाललं होतं. रंग पांढरा, कारण पांढऱ्यात खोली मोठी दिसते. मोबाईलवर परदेशातल्या तज्ज्ञांचे व्हिडिओ बघून सगळं शिकलेला. घरातले फोटो काढले, कॅलेंडर काढलं, फ्रिजवर चिकटवलेलं सगळं खरवडून काढलं. घरात राहणाऱ्याची खूण दिसली की गिऱ्हाईकाला ते परक्याचं घर वाटतं, तर एकही खूण ठेवायची नाही. तो स्वतः तिथंच राहत होता, पण सकाळी अंथरुणाची गुंडाळी गाडीच्या डिकीत आणि दात घासायचा ब्रश खिशात.

“तिथं कोण राहतं?” बाबांनी विचारलं.

“कुणी नाही. म्हणजे मी. पण मी दिसत नाही, बाबा. तेच तर कसब आहे.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं…

मग उठून झोळी खांद्याला लावली. “माझी भिक्षा आज त्याच बाजूला आहे. चल, बघू या.”

घर खरोखर देखणं केलं होतं. दारात पाऊल टाकलं की लिंबाच्या फवाऱ्याचा वास. करड्या रंगाचा सोफा, त्यावर दोन उश्या अशा कोन करून ठेवलेल्या की बसायची भीती वाटावी. काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं; एक उचलून बघितलं तर प्लॅस्टिकचं. समोरच्या भिंतीवर सात पळणारे घोडे, मोठ्या चौकटीत. घोडे आमच्याच दुकानातले. ते घरात भरभराट आणतात असं म्हणतात. दुकानाला तरी त्यांनी आणली आहे.

आम्ही जेमतेम आत गेलो, तोच गिऱ्हाईक आलं. जालिंदरने त्याच वेळेला बोलावून ठेवलं होतं. माझा अंदाज असा की संन्यासी घरात असला तर घराचं वजन वाढेल, हाही हिशेब त्यात होता. शिंगटे बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंनी उंबऱ्यातच नाक वर केलं.

“काय वो, हे घर म्हणायचं का लॉज?”

“आई, जरा गप्प बसा.”

“गप्प बसायला जागा तर दिसू दे.”

जालिंदर हसला. असल्या बोलण्याने हलणारा तो गडी नाही. त्याने दोघींना पूर्वेचा उजेड दाखवला, नळाला पाणी किती जोरात येतं ते दाखवलं. त्याचं बोलणं ऐकत राहावं असं. मीच दोनदा मनातल्या मनात घर घेतलं. पण शिंगटे बाईंच्या चेहऱ्यावर तो भाव येत चालला होता, जो मी रोज काउंटरपलीकडून बघतो. पडदा घ्यायचा असला की बाई कापड उलटं करून बघते, टीप बघते, मागचा रंग बघते. घ्यायचा नसला की नुसतं समोरून बघते आणि सुंदर आहे म्हणते.

“सुंदर आहे,” शिंगटे बाई म्हणाल्या.

झालं, मी मनात म्हटलं.

बाबा इतका वेळ दाराजवळच उभे होते. चपला काढलेल्या. आता ते हॉलच्या मधोमध आले आणि सोफ्यापाशी थांबले.

“इथं कोण बसायचं?”

जालिंदरला वाटलं, बाबांना बसायचंय. त्याने लगबगीने उशी सरकवली.

“बसा की, बाबा.”

“मी विचारलं, इथं कोण बसायचं?”

इथं एक सांगायला हवं. बाबांच्या पंथात देव ज्या ज्या जागी बसला, जेवला, निजला, त्या त्या जागी ओटा बांधून ठेवतात. साधा ओटा. माणसं कोसच्या कोस चालत जातात आणि त्या ओट्याला डोकं टेकतात. बाबांचं सगळं आयुष्य अशा जागा चालण्यात गेलेलं. त्यामुळं हा प्रश्न आपल्याला विचित्र वाटला तरी त्यांच्या तोंडी रोजचा होता.

“इथं सोफा आहे, बाबा. नवीन घेतला.”

“सोफ्याच्या आधी?”

जालिंदरने शिंगटे बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईकासमोर हा विषय नको, असं त्याचे डोळे मला सांगत होते. मी काय करणार. मी घोड्यांकडे बघितलं.

“ओवी,” तो शेवटी म्हणाला. “माझी मुलगी. तिला खुर्चीत बसायला आवडायचं नाही. फरशीवर बसायची, इथं. पालथं पडून गाल टेकवायची फरशीला.”

“का?”

“तिला ऐकू येत नाही, बाबा.” तो थांबला. शिंगटे बाई थांबल्या. “माझी बुलेट दारातल्या उतारावर चढली की ही फरशी थरथरते. तुम्हाला-मला नाही कळत. तिला गालाला कळायचं. मी गाडी बंद करायच्या आत ती दार उघडून उभी असायची. कुरियरवाल्याची गाडी आली तर नाही उठायची… माझीच बरोबर ओळखायची.”



बाबांनी सोफ्याला हात लावला. मी आणि जालिंदरने मिळून तो बाजूला ओढला. खाली चार फरश्या होत्या, बाकीच्यांसारख्याच, जरा जास्त गुळगुळीत. बाबा खाली बसले आणि त्यांनी तळवा त्या फरशीवर ठेवला. नमस्कार नाही केला; ते त्यांच्या देवाच्या जागेशिवाय कुठं वाकत नाहीत, हे मला माहीत आहे. नुसता तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

काय सांगू. पस्तीसेक घरांना मी पडदे लावले असतील त्या गल्लीत, या घरालाही लावलेत. पण त्या चार फरश्यांकडे बघताना मी नकळत पाय मागे घेतला. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढलेला मी बघितला. शिंगटे बाईंनी चपला तर आधीच काढलेल्या होत्या. आता हातातली पर्सही त्यांनी खाली ठेवली.

बाबा उठून भिंतीपाशी गेले. चौकटीच्या कडेने ओबडधोबड गिलावा डोकावत होता.

“घोड्यांच्या मागं काय आहे?”

या वेळी जालिंदरने आढेवेढे घेतले नाहीत. त्याने चौकट धरली, मी दुसरी बाजू धरली. आणि भिंतीतून उजेड आला.

भिंतीला भोक होतं. म्हणजे खिडकीच, पण घरातल्या घरात, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत. कडा वाकड्या, गिलावा हाताने थापलेला. गवंड्याने केलेलं काम नव्हतं ते.

“मीच फोडली,” जालिंदर म्हणाला. “उज्ज्वला पोळ्या लाटायची, ओवी इकडं. हाक तर मारता येत नाही. दर वेळी पिठाचे हात घेऊन इकडं यायची. मग एका रविवारी छिन्नी घेतली. वाकडं झालंय… म्हणून झाकलं. गिऱ्हाईकाला वाटेल, घराला दोष आहे.”

सासूबाई कुणाला न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. मघाशी जालिंदरने तिथले चकचकीत कप्पे उघडून दाखवले, तेव्हा त्या दारातूनच परतल्या होत्या. आता त्या ओट्यापाशी गेल्या आणि त्या वाकड्या चौकटीत त्यांचा चेहरा दिसला, मागून सकाळचं ऊन. त्यांनी सुनेकडे बघितलं. मग बोलायच्या ऐवजी हात वर केला आणि बोटांनी, चहा पिणार का, असं विचारलं.

शिंगटे बाई हसल्या. मान हलवली.

मी जालिंदरकडे बघत होतो. तो त्या हाताकडे बघत होता. चौकटीत नुसता एक हात, पांढऱ्या भिंतीत, बोलणारा… तो मटकन सोफ्याच्या कडेवर टेकला.

पुढचं फार झटपट झालं. सासूबाई बाहेर आल्या, त्या चार फरश्यांपाशी आल्या, पण त्यांच्यावर पाय न देता शेजारी बसल्या. गुडघा धरून सावकाश. आणि वर न बघता म्हणाल्या, “मला हे घर पाहिजे. त्या खिडकीला हात लावायचा नाही, सूनबाई, सांगून ठेवते. घोडे त्यांचे त्यांना घेऊन जाऊ दे.”

शिंगटे बाईंनी घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं की घराच्या मालकीणबाईंना कधी भेटता येईल, कारण कुठली बरणी कुठं ठेवायची हे त्यांनाच विचारायचं होतं. मी इतकी वर्षं दुकानात बसतोय. गिऱ्हाईक असं वळताना मी बघितलेलं नाही. जालिंदरने शिकलेली एकही गोष्ट त्यात नव्हती, आणि माझीही नव्हती.

आणि तेव्हा जालिंदर म्हणाला, “नाही.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“माफ करा, ताई. मला नाही विकायचं. मला… आज कळलं.” तो उठला आणि त्या फरश्या आणि सासूबाई यांच्या मध्ये उभा राहिला, कुणी ती जागा उचलून नेणार असल्यासारखा. मग बाबांकडे वळला. आवाजात मघाची ऐट कुठंच नव्हती. “तुम्हीच दाखवलंत, बाबा. आता सांगा. ती इथं बसायची. इथं गाल टेकवायची. ही जागा मी दुसऱ्याच्या हातात कशी देऊ? मी हिला सोडून जाऊ कसा?”

सासूबाई खाली बघत राहिल्या. शिंगटे बाईंनी पर्स उचलली नाही, पण हात तिच्यापर्यंत नेला.

बाबांनी खांद्यावरची झोळी सावरली. दारापर्यंत गेले. चपला पायात सरकवल्या…

“जालिंदर,” ते म्हणाले, “आत्ता या घटकेला ती कुठं बसलीय?”