फिटलेला नवस

समुद्राला खेटून वसलेल्या एका गावात पास्कू नावाचा एक तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. वारा कुठून सुटणार, मासळी कुठल्या पाण्यात उतरणार, हे त्यानं सांगायचं आणि खलाशांनी ऐकायचं. पास्कू कामाला वाघ होता. रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवत नसे, कुणाचं वाईट चिंतत नसे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही वाईट माणसाची गोष्ट, आपला काय संबंध!

एकदा तो लहान होडी घेऊन एकटाच दर्यात गेला होता. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी असा वारा उठला की विचारू नका. एक लाट आली, दुसरी आली, तिसरीनं होडीचे तुकडे केले. पास्कूच्या हाती एक फळकूट लागलं. त्याला मिठी मारून तो पाण्यात लोंबकळत राहिला. हातपाय गारठले. किनारा दिसेनासा झाला. तेव्हा त्यानं हंबरडा फोडला, "सायबा, मला वाचव! तुझ्या नावानं दगडी क्रूस उभारीन, अख्ख्या गावाला जेवू घालीन, पण मला वाचव!"

दक्षिणेकडच्या कुठल्याशा बंदराची एक होडी तिकडून चालली होती. तिचा तांडेल हिराजी नावाचा म्हातारा. त्याचं जाळं पाण्यात होतं आणि मासळीनं गच्च भरलं होतं. त्यानं पाण्यातलं डोकं पाहिलं. भरल्या जाळ्यानिशी होडी वळणार नव्हती. म्हाताऱ्यानं कोयता उचलला आणि एका घावात जाळ्याचा दोर तोडला. होडी मोकळी झाली आणि पास्कूकडे धावली.

त्याला वर ओढून घेतलं तेव्हा त्याचे दात वाजत होते. तुटका दोर त्याच्या नजरेस पडला आणि तो चरकला. जाळं म्हणजे कोळ्याचं पोट, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"बाबा, तुमचं जाळं गेलं. मी भरून देईन."

म्हातारा खेकसला, "मी नफातोटा बघत बसलो असतो तर तू तळाला गेला असतास. गप पड. हे कांबळं घे."

हिराजीनं त्याला किनाऱ्याला सोडलं आणि निघून गेला. पुन्हा त्याची गाठ पडली नाही.

"देव तारी त्याला कोण मारी," असं गावानं म्हटलं आणि पास्कूला खांद्यावर घेतलं. त्यानंतर काही महिने त्याचं वागणंच बदललं. त्या गावात एक रीत होती. होडी बंदराला लागली की विक्री सुरू व्हायच्या आधी मासळीची पहिली पाटी बाजूला काढायची आणि ज्या घरचा पुरुष दर्यानं नेला त्या घरी पोचवायची. पास्कू ती पाटी शिगोशीग भरायचा. पापलेट निवडून घालायचा. कुणाचं शीड फाटलं, याचं कापड तयार. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, याच्या घरून तांदूळ. देवळात प्रार्थनेला उभा राहिला की त्याचे डोळे भरून यायचे. बायको रेजीन म्हणायची, "दर्यानं माझा नवरा नेला आणि धुऊन परत दिला."

मग क्रूस झाला. झाला म्हणजे कसा! काळा दगड लांबून आणवला. किनाऱ्याच्या खडकावर चौथरा बांधला. बँडबाजा लावला. सगळं गाव अंगणात जेवलं. फादर लुद्रीक यांनी क्रूस आशीर्वादित केला. पास्कू त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. त्याचा चेहरा फुलला होता.

"फादर, बोललो तसं केलं. आता माझा नवस फिटला ना?"

"नवस फिटला रे," फादर म्हणाले. "पण तुझा जीव वाचला, ते कशानं फिटणार? देव काय सावकार आहे?"

पास्कू हसला. पाद्री असंच बोलायचे, असं त्याला वाटलं. त्या दिवशी घरी येऊन तो खाटेवर ऐसपैस बसला आणि रेजीनला म्हणाला, "आज कसं मोकळं वाटतंय बघ. देवाचं माझं चुकतं झालं. आता कुणाचं काही लागत नाही."

इथंच त्याचं बिनसलं. पण तेव्हा ते त्याला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर गावालाही कळलं नाही. एवढा मोठा क्रूस उभारणाऱ्याला कोण काय बोलणार?

हळूहळू पहिल्या पाटीतले पापलेट गेले आणि स्वस्तातली मांदेली आली. मग पाटी अर्धी झाली. मग एक दिवस पाटी निघालीच नाही. त्याचा जुना खलाशी जुजे यानं आठवण केली, "तांडेल, पहिली पाटी राहिली."

"अरे, अख्खं गाव जेवलं ना माझ्या अंगणात?" पास्कू म्हणाला. "माणसानं किती द्यायचं, त्याला काही सुमार?"

जुजे जाळं आवरायला लागला. गरज सरो नि वैद्य मरो, असं तो मनात म्हणाला असेल. तोंडावर कसं म्हणणार? त्याचं पोट त्याच होडीवर होतं.

पुढच्या हंगामात एके दिवशी पास्कूच्या जाळ्याला घोळ लागली. घोळ म्हणजे सोन्यासारखा मासा. एखादी सापडली तरी कोळी चार दिवस खुशीत असतो. इथं तर अख्खा थवा जाळ्यात शिरला होता. खलाशी ओरडू लागले. पास्कू जाळ्यावर वाकला. त्यानं उभ्या जन्मात असं जाळं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वारा फिरला. पाणी काळवंडलं. आणि पश्चिमेकडे लाटांच्या आड एक होडी दिसली. ती एका अंगावर कलली होती. कुणीतरी वल्ह्याला सदरा बांधून जिवाच्या आकांतानं हलवत होतं.

जुजेनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "तांडेल, हा आपला मिंगेल! होडीत पाणी शिरलंय त्याच्या!"

मिंगेल पास्कूचा शेजारी. दोघांच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत. गरीब माणूस. खलाशी ठेवायची ऐपत नाही, म्हणून एकटाच दर्यात जायचा. क्रुसाचा चौथरा बांधताना त्यानं रोज संध्याकाळी येऊन दगड उचलले होते आणि मजुरी घेतली नव्हती.

"दोर तोडा, तांडेल," जुजे म्हणाला आणि कोयता पुढं केला.

पास्कूनं कोयत्याकडं पाहिलं. मग जाळ्याकडं पाहिलं. पाण्याखाली पिवळसर पाठी चमकत होत्या.

"अरे, जायचंच आहे की! नाही कोण म्हणतंय?" तो म्हणाला. "अर्धं जाळं वर आलंय. एवढं ओढू आणि सुटू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं काय?"

"तो पळता नाही, मिंगेल आहे."

"मिंगेल काय कच्चा आहे? धरून राहील तो. ओढा!"

आता तुम्ही म्हणाल, स्वतः पाण्यात लोंबकळलेला हा माणूस, याला काहीच कसं आठवलं नाही? आठवलं ना! हिराजी म्हातारा आठवला, तुटका दोर आठवला. पण लगेच मन म्हणालं, त्या वाचण्याचं तू सगळं फेडलंस. दगडाचा क्रूस उभा आहे, गाव साक्षीला आहे. आता हे जाळं तुझं आहे, ते कापायला तुला कुणी सांगू शकत नाही. मन असंच असतं. पाहिजे तेव्हा पाहिजे तो वकील उभा करतं.

त्यांनी जाळं ओढलं. प्रत्येक हाताला मासळी येत होती आणि प्रत्येक वेळी पास्कू म्हणत होता, "झालं, आता एवढंच." जुजे रडत ओढत होता. सदरा अजून हलत होता. मग तो हलायचा थांबला. मग दिसेनासा झाला.

जाळं वर आलं तेव्हा होडी मासळीनं काठोकाठ भरली होती. तेवढ्या ओझ्यानं ती रखडत निघाली. "मासळी फेकू," असं जुजे एकदाच म्हणाला. पास्कूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते पोचले तेव्हा मिंगेलची होडी उपडी पडली होती. वल्हं तरंगत होतं, त्याला सदरा तसाच बांधलेला होता. त्यांनी हाका मारल्या, फेऱ्या घातल्या. पाण्यात माणूस नव्हता.

बंदरावर घोळ पाहून लोकांनी आरोळ्या ठोकल्या. मग होडीतल्या माणसांचे चेहरे पाहिले आणि एकेक जण गप्प झाला. मिंगेलची बायको कतरीन पुढं आली. तिच्या कडेवर धाकटी मुलगी होती.

"दादा, आमचा दिसला का वाटेत?"

"आम्ही पोचलो तेव्हा होडी उपडी झालेली," पास्कू म्हणाला.

शब्द खरे होते. पण एवढं मोठं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. जुजेनं मान खाली घातली आणि होडीतून उतरून तो सरळ घरी गेला. त्या होडीवर तो पुन्हा चढला नाही.

गावच्या होड्या शोधायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या परतल्या. पास्कूनं मासळी विकली नव्हती. ओल्या गोणपाटाखाली ती अंगणात पडून होती. त्यानं कालपासून काही खाल्लं नव्हतं. सकाळपासून भिंतीपलीकडून कतरीनचं रडणं ऐकू येत होतं, आणि ते थांबलं की त्याला जास्त भीती वाटत होती. अखेर तो उठला. माणसाला जे येतं तेच तो करतो. पास्कूला फेडायला येत होतं. त्यानं घोळीच्या सगळ्या पाट्या उचलल्या आणि एकेक करून कतरीनच्या दारात नेऊन ठेवल्या. शेवटची पाटी ठेवली तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"हे काय, दादा?"

पास्कूनं सगळं सांगितलं. सदरा दिसला होता. कोयता हाताशी होता. आपण जाळं ओढत बसलो. एकही गोष्ट लपवली नाही. "ही सगळी तुझी, कतरीन. माझी होडी घे. मोठं जाळं घे. पोरींची लग्नं मी लावून देतो. मिंगेलच्या नावानं जन्मभर मिस्सा सांगतो. तू सांगशील ते देतो."

कतरीन पाट्यांकडं पाहत राहिली. मासे मोठे होते, देखणे होते.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

तिनं एका पाटीवर बोट ठेवलं.

"सांगा ना, दादा. यातलं किती घेऊ, म्हणजे तुमचं फिटेल?"

 पास्कू उंबऱ्यापाशी खालीच बसला. आता ती आपल्याला शाप देईल, गाव गोळा करील, तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटलं. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं. निदान शिक्षा भोगली, असं म्हणता आलं असतं.

 कतरीनचा आवाज फुटला. "काल सकाळी तो माझ्याशी भांडून गेला. मी म्हटलं, जा, तुझं काळं तोंड दाखवू नको. हे शेवटचं बोलणं माझं. याला मी काय देऊ म्हणजे ते फिटेल? काय आहे माझ्याकडं? रात्रभर मी क्रुसापुढं पडून होते. देवानं मला हाकललं नाही. मग मी तुम्हाला कसं हाकलू?"

"कतरीन..."

"मी तुम्हाला माफ केलं. मला तुमचा संताप येतोय, उद्याही येईल, पण माफ केलं. फुकट केलं. ते विकत घ्यायला येऊ नका."

ती आत गेली. चुलीवर शेजाऱ्यांनी आणून ठेवलेली पेज होती. तिनं थाळीत पेज वाढली, बाजूला सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला आणि थाळी त्याच्यापुढं सरकवली. "कालपासून उपाशी दिसता. जेवा."

दगडी क्रूस उभारला तेव्हा पास्कूला मोकळं वाटलं होतं. ही थाळी त्याला उचलवेना. हिचं मोल तो काय देणार होता? दर्यातून निघाला त्या दिवशीही असंच काहीतरी त्याला मिळालं होतं आणि तो त्याची किंमत ठरवून मोकळा झाला होता. आता त्याला ते कळलं. पण कळायला मिंगेल जावा लागला. तो ढसाढसा रडला आणि रडत रडतच ती पेज जेवला.

पुढं पास्कू बरीच वर्षं जगला आणि त्याचा हात कधी आखडला नाही. लोक त्याला दानशूर म्हणत. तसं कुणी म्हटलं की तो उठून जायचा. मिंगेल काही दर्यानं परत दिला नाही.

तात्पर्य: देवाची कृपा ही फेडायची उधारी नव्हे. ती फेडली असं ज्याला वाटतं, त्याची मूठ आपोआप मिटते. जिचं मोल होत नाही ती मोल न बघता पुढच्याला द्यावी, आणि वेळेत द्यावी. कारण देणारा हिशोब करत बसला, की घेणारा बुडून जातो.