कोणता पाय?

"आठ महिने झाले, बाई. देव ऐकत का नाही?"

राहेलबाई अमोलिक ओसरीवर बसून जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडत होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. आता निवृत्त होत्या. तरी गावातल्या ख्रिस्ती मंडळीत कुणाला प्रार्थना शिकायची असली, तर तो पाळकांच्या आधी बाईंकडे यायचा.

आशीर्वाद त्रिभुवन शाळेत गणित शिकवायचा. नीटनेटका माणूस. त्याने आपली वही बाईंपुढे ठेवली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. आत रकाने आखलेले : क्रमांक, नाव, विनंती, उत्तर. एकूण त्रेसष्ट नावं. रोज पहाटे गुडघे टेकून तो एकेक नाव देवापुढे मांडायचा. मंडळीत त्याच्या वहीचं कौतुक होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

उत्तराचा रकाना कोरा होता.

"एक दिवस चुकवला नाही," तो म्हणाला. "तापात होतो तेव्हासुद्धा. आता बास. तुम्हीच मला प्रार्थनेला बसवलंत, म्हणून तुम्हाला सांगून सोडतो. उद्यापासून बंद."

"वही की प्रार्थना?"

"दोन्ही."

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पानं उलटली.

"सतरा नंबर. लाजरस पंडित, पायाची जखम." त्यांनी मान वर केली. "कोणता पाय?"

"देवाला माहीत आहे," आशीर्वाद म्हणाला.

"त्याला असणारच. मी तुला विचारते आहे."

"... डावा असेल."

बाई उठल्या. चुलीवरचं उकळलेलं पाणी त्यांनी किटलीत ओतलं, त्यात मीठ टाकलं आणि किटली त्याच्या हातात दिली. पट्ट्या पिशवीत भरल्या. वही काखेत मारली.

"चल. सांडू नकोस."

लाजरस पूर्वी चर्चची घंटा वाजवायचा. साखरेच्या आजारानं पाय धरला तसा तो खाटेला खिळला. त्याचं घर आशीर्वादच्या शाळेच्या वाटेवरच होतं.

बाई उंबऱ्यात क्षणभर थांबल्या. ओठ हलले. मग त्या आत गेल्या.

"आज जोडीला कोण आणलंय? त्रिभुवन गुरुजी!" लाजरस कोपरावर उठला. "अहो, रोज बघतो की तुम्हाला या खिडकीतून. पाऊस नसला तरी छत्री काखेत. घाई फार तुम्हाला."

"पट्टी सोड," बाई आशीर्वादला म्हणाल्या.

पाय उजवा होता.

पट्टी सुटली तसा वास आला. त्याने तोंड फिरवलं.

"येतो ना वास?" लाजरस हसला. "मला आता येत नाही. बायकोनं मात्र चूल अंगणात नेली."

आशीर्वादने डोळे मिटले. सवयीने शब्द ओठांवर आले, "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझा हा दास..."

"डोळे उघड," बाई म्हणाल्या. "टाचेला पू आहे. दिसल्याशिवाय धुणार कसा?"

त्याने डोळे उघडले.

किटलीतलं पाणी आता सोसेल इतकं कोमट झालं होतं. त्याने ते ओतलं. पुसलं. पुन्हा ओतलं. लाजरसने दात आवळले, एकदा त्याचा खांदा घट्ट धरला, मग सोडला. नवी पट्टी दोनदा ढिली पडली. तिसऱ्यांदा नीट बसली.

"उद्या याल?" लाजरसने विचारलं.

आशीर्वादने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"... येईन."

दोघं रस्त्यावर आले.

"बाई, तुम्ही उंबऱ्यात काय म्हणालात?"

"माझा हात हल्ली थरथरतो. आत थरथरू नये, एवढंच मागितलं."

"मग?"

"थरथरला. म्हणून तर तुला धुवायला लावलं."

आशीर्वाद थांबला. किटली रिकामी होती, तरी त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

"मी आत प्रार्थना केलीच नाही," तो हळू म्हणाला. "एक शब्द आठवला नाही. धुतानाही नाही, पट्टी बांधतानाही नाही."

तो बाईंकडे वळला.

"मग उद्या पहाटे काय करू, बाई? बसू की नको?"

बाईंनी काखेतली वही काढली, पान उघडलं आणि बोट ठेवून त्याच्यापुढे धरली.

"हा अठरा नंबर कुठे राहतो, रे?"