मोराचा ठसा आणि काचकागद

ठसे आणि कागद गप्पा मारायचे, तेव्हाची गोष्ट. मालूताईंच्या शुभेच्छापत्रांच्या डब्यात मोराचा एक लाकडी ठसा होता. भारी नखरेल! शेजारच्या खरबरीत, घासकामाच्या काचकागदाला रोज चिडवी, “काय रे खरबड्या, तुला कुणी गालाला लावतं का?”

एके सकाळी तोंडाच्या कडेची शाई न पुसताच स्वारी नव्या कागदावर जाऊन बसली. मोर झकास उमटला, पण कडेला हा काळा डाग!

“मेलो! आता मी केरात!” कागद रडू लागला. ठसा लाजून डब्याच्या कोपऱ्यात सरकला.

मालूताईंनी काचकागद उचलला आणि चारी कडा हलकेच घासल्या. डाग गेला, अन् झिजल्या कडांचं ते पत्र राजाच्या जुन्या पेटाऱ्यातून निघाल्यासारखं दिसू लागलं.

“दादा, तुझे उपकार फिटायचे नाहीत,” ठसा गहिवरला.

“उपकार राहू देत, मोरराव,” काचकागद हसला, “आधी तोंड पुसा!”