आजाचं ‘हं’ आणि ‘उंहूं’

डोंगराच्या कुशीत एक इवलीशी वाडी होती, आणि त्या वाडीत येसू राहायची. झोपडं चिमुकलं, परकर ठिगळाठिगळांचा, आणि घरात माणूस म्हणाल तर एकटा धावजी आजा. त्या वर्षी मात्र साऱ्या वाडीचेच हाल झाले, बरं का! वेलींवर पिवळीधमक फुलं डोलायची आणि फळ न धरताच गळून पडायची. ना काकडी, ना भोपळा. चूक वाडीचीच होती. मध काढताना पोळ्यातला पिल्लांचा भाग मधमाशांसाठी ठेवायचा असतो. हावरटपणापायी कुणी तो ठेवलाच नाही. मग माशा गेल्या उडून!

त्यांना परत आणायची रीत एकट्या आजाला ठाऊक होती. पण तापात आजाची वाचा गेली होती, हात लटपटत होते. तोंडातून दोनच आवाज निघायचे, ‘हं’ आणि ‘उंहूं’.

भुकेली येसू रानात करवंदं शोधत होती. तेवढ्यात जाळीत काहीतरी चमचमलं. अगंबाई, परी! गुलाबी, सोनेरी, तळहाताएवढी! तिचा झिरझिरीत पंख काट्यात अडकला होता. येसूने बोटं रक्ताळेपर्यंत एकेक काटा बाजूला केला.

"गुणाची गं पोर!" परी म्हणाली. "माग एक इच्छा. पण माझा नियम ऐक. मी नवं काही घडवत नाही. एकीकडचं उचलते आणि दुसरीकडे ठेवते."

"मग आमच्या वाडीत माशा आण."

"शेजारच्या वाडीतल्या आणीन."

"म्हणजे तिथली लेकरं उपाशी? नको. आजाला बोलणं दे."

"कुणाचं तरी बोलणं काढून द्यावं लागेल."

"तेही नको. बरं, आजाला येतं ते मला दे."

"देते. पण मग ते आजाकडे उरणार नाही. तुझं नावसुद्धा आठवणार नाही त्याला."

येसूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नको गं बाई! माझा आजा रिकामा नाही करायचा मला. मी त्याला विचारून विचारून शिकेन."

"आणि त्याने सांगितलं की त्याच्याकडचं संपत नाही?"

"छे! सांगून कुठं संपतं?"

परीने हजार वर्षांत असलं काही ऐकलं नव्हतं.

येसू घरी आली ती परकर खोचूनच. आजापुढे मांडी ठोकून बसली.

"माशांना घर पाहिजे ना, आजा?"

"हं."

"टोपलीचं?"

"उंहूं."

"मडक्याचं?"

"हं!"

"मडक्याला मेण लावू? बाहेरून?"

"उंहूं."

"आतून?"

"हं, हं!"

दिवसभर हेच चाललं. शेजारच्या बाया हसल्या, "वेडी झाली पोर! दोन आवाजांत कुठं विद्या मिळते?" येसूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिल्या मडक्याला भोक मोठं पडलं, उंहूं. दुसरं मडकं तडकलं, उंहूं. तिसऱ्याचं तोंड मावळतीला केलं, उंहूं! रडू आलं तर नाक पुसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. आठव्या दिवशी चौथं मडकं तयार झालं.

ते घेऊन ती रानात गेली, तर परी वाटच बघत होती. "मलाही सांग ना गं," ती लाजत म्हणाली.

येसूने सगळं सांगितलं. मेण आतून, भोक बोटाएवढं, तोंड उगवतीला, जागा सावलीची.

"आता तुझ्याकडे उरलं का काही?"

"सगळंच्या सगळं!"

परी खुदकन हसली. "मग मीही तुला सांगते. माझंही संपणार नाही! ओढ्याकाठच्या उंबराच्या फांदीला माशांचा एक थवा लटकलाय. बिचाऱ्यांना घर मिळत नाहीये. आणि तुझी इच्छा?"

"ती राहू दे तुझ्यापाशी. लागली नाही मला."

परी टाळ्या पिटत गिरक्या घेऊ लागली. गिरकीगणिक सोनेरी, निळा, केशरी उजेड उसळला आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली.

येसूने उंबरावर मडकं टांगलं. दुसऱ्या दिवशी भोकाशी एक माशी आली. मग दहा, मग गुणगुणता थवाच! थोड्याच दिवसांत वेलींवर बोटाएवढ्या काकड्या लोंबू लागल्या. वाडीतली पोरं येसूभोवती गोळा झाली. येसूने प्रत्येकाच्या हातात मेणाचा गोळा दिला आणि पहिल्यापासून सांगायला बसली. पिल्लांचा भाग ठेवायचा, हे तर तिने तीनदा सांगितलं.

ओट्यावर आजा ऐकत होता. येसूने मान वळवून विचारलं, "आजा, बरोबर सांगतेय ना मी?"

आजाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "हं."