अमावास्येचा टँकर

'अज्ञान' आणि 'संभ्रम' हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. अज्ञानात वाट दिसत नाही. संभ्रमात दोन दिसतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. ही कथा संभ्रमाची आहे.

एका गावात स्त्रियांचा एक दूध संघ होता. कोणत्या वाडीवर टँकर केव्हा धाडायचा, हे तेथील जुनी संगणकप्रणाली ठरवी. ती लिहिणारा केव्हाच वारला होता, आणि ती ज्या यंत्रावर चाले त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवी प्रणाली लिहून घ्यावी की नाही, हा निर्णय अध्यक्षा गोदाक्का यांच्यावर आला. तो चुकला तर वाड्यावाड्यांचे दूध उन्हात नासणार होते.

अभियंता शार्दूल म्हणाला, "आक्का, हिच्यात नुसत्या चुका आहेत. अमावास्येला टँकर माळवाडीला जातच नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर मात्र रोज तासभर थांबतो. सगळं पुसून नवं लिहू."

व्यवस्थापक खोततात्या उसळले. "तू रांगत होतास तेव्हापासून चाललंय हे. एका अक्षराला हात लावायचा नाही!"

"पण तात्या, टँकर थांबतो कशाला?" गोदाक्कांनी विचारले.

"थांबतो म्हणजे थांबतो."

गोदाक्कांना दोघांचेही पटत होते. त्या गोंधळल्या, पण गोंधळ लपवावा असे त्यांना वाटले नाही. त्या टँकरमध्ये बसून निघाल्या.

माळवाडीच्या बायका हसल्या. "अवसेचं दूध आम्ही विकत नाही, आक्का. ते पोरांना."

ओढ्यापलीकडच्याही हसल्या. "पूल नव्हता तेव्हा टँकरला वळसा घालून यायला तासभर जास्त लागायचा. आता पूल झालाय, तर तो तासभर तुमचा ड्रायव्हर चहा पितो!"

एक नियम जिवंत, एक मेलेला. यंत्रात दोन्ही सारखेच दिसत होते. गोदाक्का परतल्या त्या अधिकच गोंधळून.

"शार्दूल, नवं लिही," त्या म्हणाल्या, "पण एकेक नियम घेऊन, कारण विचारून. तोवर जुनं चालू राहील."

"आणि कारण कोणालाच माहीत नसेल तर?"

"तर जसाच्या तसा उतरव आणि शेजारी लिही, माहीत नाही."

"लोक हसतील, आक्का."

"आज दोनदा हसले. दूध नासलं नाही."

ही कथा सांगणारे बहुतेक जण 'अखेर गोदाक्कांचा संभ्रम फिटला' असे म्हणून थांबतात. ते खरे नाही. संभ्रम फिटला नव्हता. तो सोबत घेऊनच त्या रोज टँकर धाडत राहिल्या.

तात्पर्य: जुने राखावे की टाकावे हे उमगत नसेल, तर तसे मोकळेपणी सांगावे, आणि ते ज्यांच्यासाठी घडवले होते त्यांच्या दारी जाऊन विचारावे.